रक्ताचा रिपोर्ट चांगला, मग हात का थरथरतो?

पत्राचा सारांश: पश्चिम महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावाहून एका ताईंनी लिहिलं आहे. पती ४८ वर्षांचे, धाकट्या भावाबरोबर स्पेअर पार्टचं दुकान चालवतात. एचआयव्हीचं निदान २००९ साली झालं, तेव्हापासून एआरटी, म्हणजे विषाणूला दाबून ठेवणाऱ्या गोळ्या, चालू आहेत. सहा वर्षांपूर्वी पहिल्या गोळ्या चालेनाशा झाल्या म्हणून सेकंड लाइन, म्हणजे दुसऱ्या फळीची औषधं, सुरू झाली: टेनोफोविर, लॅमिवुडिन आणि अटाझानाविर-रिटोनाविर. ताई स्वतः निगेटिव्ह आहेत. गेल्या चार महिन्यांत पतींचा उजवा हात थरथरतो, जिना उतरताना तोल जातो, बोलताना शब्द सापडत नाहीत, वहीतल्या बेरजा चुकतात. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूचं प्रमाण, मात्र सलग तीन वेळा 'सापडला नाही' असाच आलेला. मेडिकल कॉलेजच्या न्यूरॉलॉजिस्टनी एमआरआय पाहून मणक्यातलं पाणी तपासायला सांगितलं. ते म्हणाले, मेंदूतला विषाणू रक्तातल्या विषाणूपेक्षा वेगळा झालेला असू शकतो. पती तयार नाहीत. शेजारच्या काकांचे पाय मणक्यातलं पाणी काढल्यावर गेले, असं त्यांनी ऐकलंय. लॅबमध्ये काम करणारा मामेभाऊ म्हणतो, आपल्याकडचा एचआयव्ही मेंदूला त्रास देत नाही. दिराला आजाराचं काहीच माहीत नाही आणि तो दुकानाच्या वाटणीची भाषा करू लागलाय. ताई विचारतात: रिपोर्ट चुकला का? हे गोळ्या चुकवतात का? मला धोका आहे का? पाणी काढू द्यावं का?

प्रिय ताई,

तुमच्या पत्रातल्या एका वाक्यावर मी बराच वेळ अडून राहिले. 'ते गोळ्या घेतल्यासारखं दाखवून टाकून देत असतील का, असं मनात येतं आणि मग माझीच मला लाज वाटते.' सुरुवात तिथूनच करते, कारण ही शंका तुमच्या दोघांमध्ये रोज रात्री आठ वाजता, गोळीच्या वेळी, येऊन बसत असणार.

तुम्हाला कोड्यात टाकणारा तो रिपोर्टच तुमच्या नवऱ्याच्या बाजूने साक्ष देतो. एआरटी बंद केली तर बहुतेकांच्या रक्तात विषाणू दोन ते चार आठवड्यांत पुन्हा दिसू लागतो. सलग तीन तपासण्यांत तो सापडला नाही, याचा अर्थ माणूस गोळ्या घेतोय. कंटाळा आला तरी, प्रवासात असला तरी, घरच्यांपासून लपवूनही घेतोय. हे त्यांना एकदा बोलून दाखवा. ज्याच्यावर मनातल्या मनात संशय घेतला जातो, त्याला तो कळतोच.

आता रिपोर्ट. तो चुकलेला नाही. पण तो फक्त रक्ताबद्दल बोलतो. व्हायरल लोड म्हणजे एक मिलिलिटर रक्तद्रवात विषाणूच्या किती प्रती आहेत त्याची मोजणी. मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात काय चाललंय ते त्यातून कळत नाही. मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या भिंती इतर अवयवांपेक्षा घट्ट असतात, येणाऱ्या-जाणाऱ्याला सहज सोडत नाहीत. मेंदूच्या रक्षणासाठीच ती सोय आहे. एचआयव्ही मात्र त्या भिंतीतून फार लवकर आत जातो. बँकॉकमध्ये अगदी ताजी लागण झालेल्यांवर झालेल्या अभ्यासात, लागणीनंतर अंदाजे आठव्या दिवशीच मणक्यातल्या पाण्यात विषाणू सापडला होता. म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत तो आत पोहोचतो तेव्हा त्यांना लागण झाल्याचंही माहीत नसतं. 'इतकी वर्षं नीट गोळ्या घेऊन आता कसा गेला मेंदूत?' हा तुमचा प्रश्न त्यामुळे थोडा बदलून घ्यायला हवा. तो बहुधा पहिल्यापासून तिथे आहे. इतकी वर्षं गप्प होता, आता गप्प आहे की नाही, हे बघायचंय.

आत गेल्यावर वेगळा होतो म्हणजे काय, हे डॉक्टरांनी दोन वाक्यांत सांगितलं असेल. ते नीट समजलं तर पुढचा निर्णय सोपा जाईल, म्हणून जरा विस्ताराने सांगते. एचआयव्हीचा जनुकीय मजकूर साधारण ९,७०० अक्षरांचा. त्याची नक्कल करणारं विषाणूचं एन्झाइम चुका तपासत नाही, त्यामुळे ढोबळमानाने दर तीन-चार नकलांमागे एखादं अक्षर बदलतं. औषध नसताना शरीरात रोज अब्जावधी नवे विषाणू तयार होतात, म्हणजे बदल किती होत असतील बघा. एकाच घराण्यातली एक पाती घाट उतरून कोकणात गेली आणि येणं-जाणं तुटलं, की दोनचार पिढ्यांत बोली बदलते, जेवण बदलतं, आडनाव तेवढं तेच राहतं. रक्तातल्या आणि मेंदूतल्या विषाणूंचं असंच होऊ शकतं. संशोधक दोन्हीकडच्या विषाणूंचा जनुकीय मजकूर वाचून वंशवृक्ष काढतात. काही रुग्णांत मणक्याच्या पाण्यातले विषाणू त्या झाडाच्या एका वेगळ्याच फांदीवर एकत्र बसलेले दिसतात.

त्यातले दोन बदल तुमच्या कामाचे. पहिला विषाणूच्या बाहेरच्या आवरणात होतो. रक्तात तो मुख्यतः सीडी४ पेशींत शिरतो. या शरीराच्या रक्षणाच्या पेशी, आणि सीडी४ हे त्यांच्या अंगावरचं दार. मेंदूत मायक्रोग्लिया आणि मॅक्रोफेज या पेशी असतात, त्यांच्या अंगावर सीडी४ची दारं फार थोडी. थोड्या दारांतूनही शिरता येणारा विषाणू तिथे टिकतो. या पेशी दीर्घायुषी असल्याने त्याचा मुक्कामही लांबतो. दुसरा बदल औषधांना दाद न देण्याचा. तुमच्या पतींच्या बाबतीत मला याचाच विचार जास्त करावासा वाटतो, कारण त्यांच्या पहिल्या गोळ्या एकदा निकामी झालेल्या आहेत. तेव्हा तयार झालेले प्रतिकारक विषाणू शरीरातून पुसले जात नाहीत. कुठेतरी साठ्यात राहतात.

त्यातच सगळी औषधं मेंदूपर्यंत सारखी पोहोचत नाहीत. टेनोफोविरची मणक्यातल्या पाण्यातली पातळी रक्तातल्या पातळीच्या ५ टक्क्यांच्या आसपासच असते. अटाझानाविरही तिथे कमीच पोहोचतं. लॅमिवुडिन बरं पोहोचतं, पण पहिल्या फळीच्या अपयशात बहुतेक वेळा विषाणू आधी त्यालाच सरावतो. म्हणजे रक्तात तीन औषधं मिळून विषाणूला दाबून ठेवतात आणि मेंदूत मात्र त्यातलं एखादंच, तेही अर्ध्या ताकदीने लढत असतं, असं होऊ शकतं. रक्तात विषाणू सापडत नाही आणि मणक्याच्या पाण्यात सापडतो, या स्थितीला डॉक्टर 'सीएसएफ एस्केप' म्हणतात. सीएसएफ म्हणजे मणक्यातलं पाणी. पश्चिम भारतातल्या अशाच रुग्णांवर पुण्यातल्या डॉक्टरांनी केलेला अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात आणि परदेशातल्या अभ्यासांतही रिटोनाविरच्या जोडीने दिलेली प्रोटिएज गटाची औषधं घेणारे रुग्ण ठळकपणे दिसले. तुमच्या पतींची गोळी त्याच गटातली आहे. न्यूरॉलॉजिस्टना शंका आली ती उगाच नाही.

तुमच्या मामेभावाचं म्हणणं सरसकट खोडून काढणार नाही, त्याला थोडा आधार आहे. भारतात एचआयव्हीचा 'सी' उपप्रकार बहुसंख्य. बेंगळुरूच्या शास्त्रज्ञांनी २००४ साली दाखवलं की या उपप्रकाराच्या 'टॅट' नावाच्या प्रथिनात ३१व्या जागी एक घटक बदललेला आहे आणि त्यामुळे ते प्रथिन दाह करणाऱ्या पेशींना कमी खेचतं. पण प्रयोगशाळेत 'कमी' दिसणं आणि माणसात 'अजिबात नाही' असणं यांत फार अंतर आहे. पुण्यातल्या एचआयव्हीग्रस्तांवरच्या अभ्यासांतही स्मरणशक्ती आणि विचारांचा वेग मंदावल्याचं आढळलेलं आहे. मामेभावाचे आभार माना, पण त्याच्या वाक्यावर तपासणी रद्द करू नका.

आता उलट बाजू. न्यूरॉलॉजिस्ट 'असू शकतो' म्हणाले, 'आहे' म्हणाले नाहीत. अनेकांच्या बाबतीत मणक्याच्या पाण्यातला आणि रक्तातला विषाणू जवळजवळ सारखाच असतो, कारण रक्तातल्या पेशी त्याला घेऊन ये-जा करत राहतात. आणि वेगळेपण असलं तरी एस्केप ही नित्याची गोष्ट नाही. एचआयव्ही आहे म्हणून प्रत्येक दुखणं एचआयव्हीच्या नावावर टाकायचं, ही चूक घरचेही करतात आणि दवाखानेही. अठ्ठेचाळीस वर्षांच्या माणसाचा हात थरथरायला, आठवण कमी व्हायला इतर कारणं भरपूर असतात: बी-१२ची कमतरता, थायरॉइड, साखर, रक्तदाब, दारू, झोप नीट न होणं. नैराश्यही. पंधरा-सोळा वर्षं एक गोष्ट उराशी लपवून दुकानात हसतमुखाने बसणाऱ्याला नैराश्य आलं तर नवल नाही, आणि नैराश्यातही माणूस बेरजा चुकतो. शिवाय सिफिलिस, मेंदूचा क्षय, क्रिप्टोकॉकस ही बुरशी, मेंदूला इजा करणारा जेसी विषाणू हेही बघावं लागतं. यांतल्या बऱ्याच गोष्टी साध्या रक्ततपासणीत कळतात. बी-१२, थायरॉइड आणि व्हीडीआरएल (सिफिलिसची रक्ततपासणी) झालेलं नसेल तर आधी तेवढं करून घ्या. ते नॉर्मल आलं म्हणून मणक्याची तपासणी टाळता येईल असं मात्र समजू नका. चार महिन्यांत वाढत गेलेलं तोल जाणं, थरथर आणि एमआरआयवरचे बदल हे तिन्ही एकत्र आहेत.

मग पाणी काढू द्यावं का? माझं मत: द्यावं. महिनोन्महिने न थांबता, येत्या काही आठवड्यांत. कारण असं की रक्तात विषाणू सापडतच नसेल, तर रक्तावर जनुकीय तपासणी करायला हाती काही लागत नाही. कोणतं औषध निकामी झालंय हे सांगणारा विषाणू असलाच तर तो मणक्याच्या पाण्यात आहे, तो तिथूनच घ्यावा लागेल. तो न वाचता गोळ्या बदलणं म्हणजे अंदाजाचा खेळ, आणि सेकंड लाइनवर असलेल्या माणसाकडे अंदाज चुकवायला फार औषधं शिल्लक नसतात. दुसरं कारण जास्त आशेचं आहे. एस्केप वेळेवर ओळखून, मेंदूत पोहोचणारी आणि त्या विषाणूवर चालणारी औषधं दिली की बहुतेक रुग्ण सुधारतात. सगळेच पूर्ववत होतात असं वचन मी देणार नाही. पण विसराळूपणाची इतर कारणं पाहिली तर इतकं उपचारयोग्य कारण क्वचितच सापडतं.

काकांच्या पायांबद्दल: त्यांना नेमकं काय झालं होतं हे तुम्हाला किंवा मला माहीत नाही. मणक्यातलं पाणी ज्यांचं काढतात ते आधीच मेंदूच्या किंवा मज्जारज्जूच्या दुखण्याने आजारी असतात. पाय त्या आजाराने जातात आणि दोष सुईला लागतो, असं पुष्कळदा घडतं. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो, सुई त्याच्याही खाली घालतात. तिथे असतात त्या पाण्यात तरंगणाऱ्या नसा. नेहमी होणारा त्रास डोकेदुखीचा. उठून बसलं की वाढते, आडवं झालं की कमी होते, बहुधा काही दिवसांत जाते. गंभीर गुंतागुंत क्वचित होते, म्हणूनच आधी एमआरआय बघतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर ते आवर्जून सांगा. नंतर ताप आला, डोकेदुखी वाढतच गेली किंवा पाय बधिर झाले तर घरी वाट बघू नका.

पतींना तयार कसं करायचं, यावर तुम्ही 'त्यांना न सांगता नेऊ का' असं विचारलंय. नका नेऊ. कायद्यानेही त्यांची संमती लागते. पण कायदा बाजूला ठेवला तरी, एकदा फसवून नेलेला माणूस पुढच्या वेळी गोळीसाठीही विश्वास ठेवणार नाही. त्यांची भीती नेमकी कशाची आहे ते विचारा. सुईची आहे, की वॉर्डात गावचं कोणी ओळखीचं भेटेल याची, की 'वेड लागलंय' असा शिक्का बसेल याची? प्रत्येक भीतीचं उत्तर वेगळं. आणि बोलणं सकाळी करा, दुकानाची घाई नसताना, एका वेळी एकच मुद्दा. विचारांचा वेग मंदावलेल्या माणसावर तीन गोष्टी एकदम टाकल्या की तो 'नाही'च म्हणतो, आणि आपण त्याला हट्ट समजतो. एआरटी सेंटरच्या समुपदेशकांना सोबत घ्या. इतक्या वर्षांच्या ओळखीच्या माणसाचं ते कदाचित तुमच्यापेक्षा जास्त ऐकतील.

तुमच्या स्वतःच्या धोक्याबद्दल तुम्ही अगदी शेवटी, जवळजवळ माफी मागत विचारलंय. माफी कशाला? युरोपात हजाराच्या आसपास जोडप्यांवर झालेल्या 'पार्टनर' अभ्यासात, ज्यांच्या रक्तात विषाणू दबलेला होता त्यांच्याकडून जोडीदाराला एकही लागण झाली नाही. पुरुष-पुरुष जोडप्यांवरच्या त्याच्या दुसऱ्या टप्प्याचे निष्कर्ष २०१९ साली आले, तिथेही तेच. हे निष्कर्ष रक्ताच्या व्हायरल लोडवर आधारलेले आहेत, आणि त्या लोकांच्या मेंदूतही आत कुठेतरी विषाणू असणारच. मेंदूतला विषाणू संबंधांतून तुमच्यापर्यंत येत नाही. गोळ्या बदलल्या जातील त्या काळात रक्ताचा व्हायरल लोड पुन्हा बघतील. तोवर मनाच्या समाधानासाठी निरोध वापरलात तर काही बिघडत नाही.

दिराला एचआयव्हीचं सांगण्याची सक्ती तुमच्यावर नाही. २०१७चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८पासून लागू आहे, आणि सर्वसाधारणपणे संमतीशिवाय ही माहिती दुसऱ्याला देता येत नाही. 'मेंदूच्या नसांच्या आजाराची तपासणी चालू आहे, दोन-तीन महिने हिशोबाचं काम तू बघ,' एवढं सांगा. ते खरंच आहे. वाटणीची बोलणी आणि कोणत्याही कागदावरची सही निदान होईपर्यंत थांबवा. आणि मोटरसायकलची किल्ली आजच काढून घ्या. तोल जाणाऱ्या माणसाने घाटरस्त्यावर गाडी चालवणं हा या पत्रातला सगळ्यात तातडीचा धोका आहे आणि तुम्ही तो ओझरता लिहिलाय. फिट आली, सतत झोप येऊ लागली, उलट्यांसह डोकं दुखू लागलं किंवा एक बाजू लुळी पडली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आणखी एक, आणि हे अटाझानाविर घेणाऱ्या प्रत्येक वाचकासाठी: अ‍ॅसिडिटीवर रोज सकाळी पँटोप्राझोल किंवा ओमेप्राझोल घेत असाल तर एआरटी सेंटरला सांगा. पोटातलं आम्ल कमी झालं की अटाझानाविर अंगी लागत नाही. रिटोनाविर तर कितीतरी औषधांत ढवळाढवळ करतं, त्यामुळे मेडिकलवाल्याच्या सल्ल्याने आणलेली 'मेंदूची' गोळी किंवा काढाही सांगितल्याशिवाय चालू करू नका. एआरटीची एकही गोळी स्वतःहून वाढवू किंवा थांबवू नका.

तपासणीच्या दिवशी सोबत जा. २००९पासूनचे सगळे कागद न्या, विशेषतः पहिल्या गोळ्यांची नावं आणि त्या बदलल्याची तारीख. सुई लावण्याआधीच विचारून ठेवा की या पाण्याचा एचआयव्ही व्हायरल लोड कुठे होणार, कारण नेहमीच्या तपासणीत तो नसतो आणि प्रत्येक लॅब असा नमुना घेत नाही. त्याच दिवशी रक्ताचाही व्हायरल लोड घ्यायला सांगा, दोन्ही आकडे शेजारी ठेवल्याशिवाय अर्थ लागत नाही. पाण्यात विषाणू निघालाच तर प्रतिकाराच्या जनुकीय तपासणीसाठी थोडा नमुना गोठवून ठेवतील का, हेही विचारा, म्हणजे पुन्हा टोचावं लागणार नाही. गोळ्या बदलायच्या ठरल्या तर प्रकरण राज्याच्या तज्ज्ञ समितीपुढे जाऊ शकतं. तिथे हाच रिपोर्ट कामी येईल. त्याची एक प्रत स्वतः एआरटी सेंटरमध्ये नेऊन द्या. न्यूरॉलॉजीवाले आणि एआरटीवाले आपसांत बोलतील, असं धरून चालू नका. कुठे अडलात, कोणी नमुना घ्यायला किंवा दाखल करून घ्यायला नकार दिला, तर १०९७ या मोफत हेल्पलाइनवर विचारा आणि मलाही कळवा.